वेशीजवळच्या बाजारात मॉलसारखं दुकान: एक प्रकरण

पार्श्वभूमी

आपल्या विदर्भात परकोटाची गावं कमी नाहीत. चंद्रपूरला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा अन् अंचलेश्वर असे चारही दरवाजे अजून उभे आहेत, कारंज्यात दिल्ली वेस, दारव्हा वेस आहे, अचलपूरला दुल्हा दरवाजा, पवनीला किल्ल्याचा दरवाजा. हे प्रकरण अशाच एका तालुक्याच्या गावातलं. गावाचं नाव देत नाही, माणसांच्या ओळखी अन् थोडीफार मापं बदलली आहेत, बाकी घडलं तसंच लिहितो. मी या कामावर आर्किटेक्ट होतो.

वेशीतून आत शिरलं की बाजाराची गल्ली लागते, 18 फुटाची, पण दोन्हीकडचे ओटे अन् बाहेर लटकवलेला माल धरला तर चालायला 10 फूट उरतात. या गल्लीत एका कुटुंबाचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. मालक म्हणजे काकाजी, सत्तरीच्या पुढचे, अजून रोज गादीवर बसणारे. थोरले भाऊ खरेदी पाहतात, धाकटे भाऊ हिशोब अन् मोबाईलवरच्या ऑर्डरी. दुकानाला लागून मागे राहता वाडा होता, पण घरचे सगळे नवीन कॉलनीत राहायला गेलेले, म्हणजे वाडा रिकामा, चौकात भंगार अन् एक विहीर. प्लॉट 38 फूट रुंद, 140 फूट खोल. जुन्या बाजारात प्लॉट असेच मिळतात, तोंड अरुंद अन् पोट लांब.

कुटुंबाला पाहिजे होतं एकाच छताखाली सगळं: साड्या, रेडिमेड, चपला, भांडी, बॅगा, लग्नाचा बस्ता, लेकरांची खेळणी. कारण सोपं. आजूबाजूच्या खेड्यातला माणूस कापूस-सोयाबीन विकून पैसा हातात आला की बस्त्यासाठी सरळ नागपूर-अमरावती गाठायला लागला होता, अन् बायपासवर एका बाहेरच्या साखळीवाल्याचं एसी दुकान येणार अशी बातमी होती.

अडचण

धाकट्या भावांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्याकडे एक चित्र तयार होतं. चार मजले, समोर पूर्ण काच अन् ॲल्युमिनियमची पत्री, मधोमध एस्केलेटर. त्यांना नागपुरातल्या शोरूमसारखं पाहिजे होतं, अन् त्यात त्यांची चूक काही नाही, गिऱ्हाईकच नागपूर पाहून येते.

पण वेस केंद्र संरक्षित स्मारक आहे. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून संरक्षित हद्दीपासून 100 मीटर म्हणजे प्रतिबंधित क्षेत्र, तिथं नवीन बांधकाम नाहीच, जुन्या घराची डागडुजी तेवढी परवानगी घेऊन करता येते. त्यापुढचे 200 मीटर विनियमित क्षेत्र, तिथं राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची ना-हरकत घेऊन बांधता येतं. प्रतिबंधित क्षेत्रात बिनपरवाना बांधलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

भावांनी आधीच एकाकडून मोजणी करून घेतली होती. त्यानं वेशीच्या कमानीपासून टेप धरली अन् दुकानाचा ओटा आला 104 मीटरवर. सगळे खुश, म्हणजे पूर्ण प्लॉट विनियमित. पण कायद्यात अंतर कमानीपासून नसतं, संरक्षित हद्दीपासून असतं, अन् इथं त्या हद्दीत कमानीच्या बाजूचा बुरूज अन् भिंतीचा तुकडाही होता. पुरातत्त्व खात्याच्या नकाशावरून मोजलं तर ओटा 86 मीटरवर आला. म्हणजे 100 मीटरची रेघ प्लॉटच्या आत 46 फुटांवर, बरोब्बर वाड्याच्या चौकातून गेली. समोरचा 40 फुटाचा माडीचा भाग अन् चौकाची 6 फुटाची पट्टी प्रतिबंधित, मागचं सगळं विनियमित.

काकाजी तर भडकलेच. "माह्या घरची इट काढाले दिल्लीले कागद धाडू काय?" मी म्हटलं काकाजी, समोरच्या इटा काढायच्याच नाहीत, तर कागद मागच्यासाठी धाडू. ते दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

दुसरी अडचण भाडेकरूंची. समोरच्या ओट्यावर जुने भाडेकरू होते, एक चपलांचा, एक टेलर अन् एक स्टोव्ह-कुकर दुरुस्तीवाला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्यांना हलवणं म्हणजे कोर्टात वर्षं घालवणं. तिसरी अडचण रस्ता. त्या गल्लीत काँक्रीटचा मिक्सर ट्रक शिरतच नाही, वेशीतच तो अडकतो. अन् चौथी म्हणजे शेजार. दोन्ही बाजूला मातीच्या दोन-दोन फूट जाड सामाईक भिंती, त्यांच्या पायाशी खोदलं की शेजाऱ्याचा धाबा, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली.

पर्याय

पहिला पर्याय, सगळं पाडून चार मजले. रेघ समजल्यावर हा कागदावर संपला होता, पण घरात संपायला वेळ लागला, कारण गावात "करून टाका, मग पाहू" म्हणणारे पुष्कळ असतात. एक नातेवाईक तर म्हणाला, समोर हिरवी जाळी लावा अन् आत कॉलम उभे करा. अशा वेळी मी एकच गोष्ट करतो, स्मारकांच्या कायद्यातलं शिक्षेचं कलम, 30 अ, त्याची प्रत काढून टेबलावर ठेवतो अन् चहा पितो.

दुसरा पर्याय बायपास. मोकळा प्लॉट, पार्किंग, ट्रक दाराशी. धाकटे भाऊ इकडे झुकले होते अन् खरं सांगू तर निव्वळ डिझाईन म्हणून मलाही तेच सोपं होतं. पण थोरल्या भावांनी सोमवारच्या बाजारी मला गादीजवळ बसवून ठेवलं. सकाळपासून पाहिलं, बाया एसटीनं येतात, स्टँड वेशीपासून चालत जाण्याइतका, आधी गुजरीत भाजी विकतात किंवा घेतात, मग भांडी, मग कापड, अन् चार वाजताच्या गाडीनं परत. बायपासला जायला ऑटोचे वेगळे पैसे अन् गाडी चुकायची भीती. बायपासवर मोटारवाला येईल, ही बाई येणार नाही. अन् या दुकानाचा वर्षभराचा धंदा या बाईवर आहे, बस्ता तर लग्नसराईपुरता.

तिसरा पर्याय, समोरचा वाडा ठेवायचा, दुरुस्त करायचा अन् मागे नवीन बांधायचं. यात जागा निम्मी. चार मजल्यांत सोळा-सतरा हजार फूट मिळाले असते, यात पुढचं-मागचं मिळून आठ हजाराच्या आसपास. हिशोब करणाऱ्या माणसाला हे पचत नाही अन् धाकट्या भावांना पचलं नाही.

मग मी त्यांना जगातली मोठी दुकानं दाखवली. लंडनचं लिबर्टी 1924 चं, त्याला दोन जुन्या लढाऊ जहाजांची लाकडं वापरली आहेत, अन् आत मोठा हॉल न करता वरून उजेड येणाऱ्या तीन चौकांभोवती लहान-लहान खोल्या केल्यात, गिऱ्हाईकाला घरात फिरल्यासारखं वाटावं म्हणून. म्हणजे वाडाच झाला की. रोमचं ला रिनाशेंते 1961 चं, फ्रांको अल्बिनी अन् फ्रांका हेल्ग या दोघांनी केलेलं, ऑरेलियन तटबंदीच्या जवळ. तिथं त्यांनी जुन्या भिंतीची नक्कल केली नाही, लोखंडाचा सांगाडा उघडा ठेवला अन् भिंतींना घड्या घालून त्या घड्यांतून हवेचे डक्ट अन् पाईप नेले. अन् पॅरिसचं ला सामारितेन, ते 2005 मध्ये सुरक्षेच्या कारणानं बंद झालं, रस्त्याकडच्या नवीन काचेच्या दर्शनी भागावरून कोर्टकचेरी झाली अन् उघडलं 2021 मध्ये. काकाजी हे ऐकून म्हणाले, "सोळा वर्षं दुकान बंद? मंग त्याहीनं खाल्लं काय?" घरात तिसऱ्या पर्यायाकडे वजन गेलं ते इथून. माझ्या रेखाचित्रांनी नाही.

काय केलं

मागच्या भागासाठी ना-हरकतीचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे टाकला. कायद्यात मुदती दिल्या आहेत, प्राधिकाऱ्यानं 15 दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत सांगायचं, नंतर महिन्याभरात निर्णय. आमचा कागद एकदा नकाशावर उंची नीट दाखवली नाही म्हणून परत आला. इथं लोक फसतात: उंची म्हणजे गच्चीपर्यंत नाही, कठडा, जिन्याची मम्टी (जिन्यावरची गच्चीतली खोली), पाण्याची टाकी सगळं धरून. आम्ही 15 मीटर मागितले होते, मिळाले 11. टाकी अन् मम्टी त्यात बसवायची म्हटल्यावर दोनच मजले निघाले, खाली 3.9 मीटर, वर 3.6. तळघराचा विषय धाकट्या भावांनी काढला तो तिथंच मिटवला, मातीच्या शेजारभिंती, वर पांढरी अन् खाली फुगणारी काळी माती, अन् जुन्या वस्तीच्या पोटात काय निघेल ते वेगळंच.

सांगाडा लोखंडाचा घेतला. सहा-सहा मीटरचे गर्डर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉलीनं आणले, बाजार उठल्यावर, अन् सकाळी गल्ली झाडून मोकळी. लोखंड घेतलं की आग लागल्यावर ते लवकर वाकतं, म्हणून कॉलमला आगरोधक लेप अन् बोर्डाचं आवरण द्यावं लागलं, त्यात पैसा गेला. पाया शेजाऱ्याच्या भिंतीपासून आत सरकवून घेतला अन् खड्डे एकदम न खोदता एक सोडून एक खोदले, एक भरला की दुसरा. हे काम उन्हाळ्यातच उरकायचं असं गवंडी मिस्त्रीनं बजावलं होतं, कारण मातीच्या भिंतीच्या पायाशी मिरगाचं पाणी उतरलं की भिंत बसलीच समजा.

समोरच्या वाड्याची दुरुस्ती चुन्यात केली. आधीच्या पिढीनं त्यावर सिमेंटचा प्लास्टर मारला होता अन् तो सगळा फुगून पोपडे धरलेला, कारण माती-विटेच्या भिंतीतला ओलावा सिमेंटमधून बाहेर पडत नाही. प्लास्टर काढल्यावर खाली सागवानी खांब अन् मयाली (आडव्या तुळया) निघाल्या, दोन मयालींची टोकं वाळवीनं खाल्लेली, तेवढीच बदलली. सुतार म्हातारा होता, त्यानं नवीन टोक असं जोडलं की आता बोट फिरवलं तरच सांधा समजते.

भाडेकरूंना तिथंच ठेवलं. हा निर्णय आधी नाइलाजाचा होता, पण प्लॅन करताना तोच कामाला आला. टेलरच्या गाळ्याला मागून एक खिडकी काढली, आत ब्लाऊजपीस घेतला की तिथूनच माप. चपलावाल्याला आतल्या चपला विभागाचा माल ठरवायला बसवलं. त्यामुळे गल्लीतून पाहिलं तर दुकान मोठं वाटतच नाही, तीन लहान गाळे अन् मधून ढेलजेचा दरवाजा. धाकट्या भावांना हेच खटकत होतं, की बाहेरून दुकान दिसणार कसं? बोर्डावरून मोठं भांडण झालं. 30 फुटाचा फ्लेक्स लावला तर माडीची गॅलरी पूर्ण झाकली जात होती. शेवटी गॅलरीच्या खाली दोन फुटाची लाकडी पट्टी अन् त्यावर पितळी अक्षरं. (दिवाळीला बांबू रोवून फ्लेक्स लागतोच, ते मी पाहून न पाहिल्यासारखं करतो.)

चौकाचं काय करायचं हा सगळ्यात अवघड निर्णय होता. सगळ्यांना वाटत होतं वर काच टाकावी. आपल्याकडे मे महिन्यात 45-46 डिग्री, काचेखाली माणूस शिजते. त्यापेक्षा वर उंचावलेलं पत्र्याचं छत, त्याला आतून जाड इन्सुलेशन, उत्तरेकडून उजेडाची पट्टी अन् माथ्याशी गरम हवा निघायला झडपा. थंडाव्यासाठी पूर्ण एसी न करता साड्यांच्या भागाला एसी अन् बाकीला मोठे डक्ट कूलर, वाळ्याच्या ताट्या लावून. डक्ट आत छताला लटकवले असते तर उंची गेली असती, म्हणून मागच्या भिंतीला घड्या घालून त्यात उभे नेले, रोमवाल्यांची कल्पना इथं कामी आली. कूलरला पाणी चौकातल्या विहिरीचं, अन् छताचं पावसाचं पाणी गाळून परत त्याच विहिरीत.

पण रेघ चौकातून जाते हे विसरून चालत नव्हतं. प्रतिबंधित 6 फुटाच्या पट्टीवर नवीन छत टाकणं म्हणजे नवीन बांधकाम. म्हणून छत रेघेच्या मागून सुरू केलं अन् ती पट्टी उघडी ठेवली, वर आभाळ. जुन्या वाड्यातून नव्या भागात जाताना गिऱ्हाईक सहा फूट उघड्यावरून जाते. खाली दगडी फरशीला उतार अन् मोरी.

आगीचं गणित वेगळं. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दुकानात कुठूनही बाहेर पडायच्या दारापर्यंतचं चालणं 30 मीटरच्या आत पाहिजे, अन् आमचा प्लॉटच 42 मीटर खोल. पुढच्या एका दारावर भागत नव्हतं, मागच्या बोळीत दुसरं दार अन् दीड मीटर रुंदीचा जिना द्यावा लागला. ती बोळ मागच्या शेजाऱ्याच्या गोठ्यामुळं अडलेली. काकाजी स्वतः जाऊन बसले त्यांच्याकडे, दोन पिढ्यांचा अबोला होता एका भिंतीवरून, अन् तो काकाजींनी मिटवला. गोठ्याचं दार दुसऱ्या बाजूला फिरवून देण्याचा खर्च आपण केला. हे काम कोण्या आर्किटेक्टला जमलं नसतं.

अन् संडास-बाथरूम. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये ते वरच्या मजल्यावर कोपऱ्यात होते. थोरल्या वहिनींनी नकाशा पाहून एकच विचारलं, बाजारात दिवसभर फिरणारी बाई कुठं जाते, तुम्हाला माहिताय का? पूर्ण बाजारात बाईमाणसासाठी धड जागा नाही. मग तळमजल्यावर, विहिरीच्या बाजूला, सगळ्यात महागाची 120 फूट जागा बायांच्या संडासाला अन् लेकराला पाजायच्या खोलीला दिली. धाकट्या भावांनी त्या जागेचं भाडं किती आलं असतं ते मला दोनदा सांगितलं.

काय झालं

दुकान दिवाळीच्या आधी उघडलं. सोमवारी गर्दी होते, इतर दिवशी दुपारी शांत. खेड्यातल्या बाया थैल्या, भाजीची टोपली चौकातल्या ओसरीत ठेवून बिनधास्त वर जातात, कारण ओसरीवर काकाजींची बंगई, म्हणजे झोपाळा, आहे अन् काकाजी नजर ठेवतात. बायांच्या बाथरूममुळं नवीन गिऱ्हाईक जोडलं गेलं असं आता धाकटे भाऊच सांगतात, भाड्याचा हिशोब काढत नाहीत.

बायपासवालं दुकानही उघडलं. मोटारीनं येणारी, शिक्षक-बँकवाली मंडळी तिकडं जातात, ते नाकारण्यात अर्थ नाही. वेशीबाहेर पार्किंगला एक मोकळा प्लॉट भाड्यानं घेतला, पण तिथून चालत यायला लोक कुरकुर करतात. बस्त्याचा धंदा मात्र टिकला, कारण माप घेणारा टेलर आतच आहे अन् बस्ता बांधायला माडीवर गादी-लोड टाकून अख्खा वऱ्हाडी जथा बसते, चहा येते, दोन-तीन तास निघतात. नव्या भागातल्या स्टीलच्या खुर्च्यांवर बस्ता कोणी बांधत नाही. मी तिथं एक छान काउंटर डिझाईन केला होता, त्यावर आता कॅरीबॅगा ठेवतात.

उन्हाळ्यात कूलर चांगले चालतात, पावसाळ्यात दमटपणा होतो, तेव्हा ते बंद अन् नुसते पंखे. सागवानी माडी सगळ्यात थंड राहते, जाड भिंती अन् वर धाबा असल्यामुळं. त्यामुळं साड्या नव्या एसीच्या भागातून उचलून माडीवर आणायच्या असं आता घरात चाललं आहे.

आता केलं असतं तर

मोजणी सगळ्यात आधी, चित्र काढायच्याही आधी, पुरातत्त्वच्या संरक्षित हद्दीच्या नकाशावरून करावी. चार मजल्यांचं चित्र घरात चार महिने भिंतीला लटकलेलं होतं, त्यामुळं नंतर मिळालेलं सगळं कमीच वाटत गेलं.

मालाची वाट वेगळी पाहिजे होती. माल अजून गिऱ्हाईकाच्याच दारानं येतो, सकाळी नऊच्या आत छोटा टेम्पो वेशीशी उभा करून हातगाडीवर. मागच्या बोळीतून हातगाडीपुरती सहा फूट वाट मिळवायचा प्रयत्न गोठ्याच्या बोलणीतच करायला पाहिजे होता, तेव्हा काकाजींचं अन् शेजाऱ्यांचं जुळलं होतं, एका दमात झालं असतं. आता त्या घरात वाटण्या झाल्या, चार सह्या लागतात.

फायरचं सहामाही प्रमाणपत्र, जानेवारी अन् जुलैचं, कोणाच्या डोक्यावर आहे हे लिहून ठरवायला हवं होतं. 2006 च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे, पण घरात तीन मालक अन् पहिलं वर्ष तिघंही एकमेकांवर ठेवून मोकळे. मागच्या जिन्यावर तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत खोके रचलेले असतात, गेलो की हटवतात.

उघड्या पट्टीचा प्रश्न अजून सुटायचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये साड्यांचा गठ्ठा इकडून तिकडं न्यायला पोरं छत्री धरतात. मागच्या पावसाळ्यात भावांनी लोखंडी पाईप रोवून ताडपत्री ठोकली, कोणीतरी तक्रार केली, पाईप काढावे लागले. सध्या दोन्ही बाजूच्या जुन्या खुंट्यांना दोरीनं ताडपत्री बांधतात अन् पाऊस उघडला की सोडतात. समोरच्या धाब्याच्या डागडुजीचा वेगळा अर्ज याच महिन्यात टाकला आहे, माडीच्या ईशान्य कोपऱ्यातून झिरपा सुरू झालाय अन् खाली नेमके शालूंचे कपाट आहे.